घर तापतंय? खिडक्यांच्या या चुका टाळा

घराचा नकाशा काढायला बसलं की आपल्याकडे पहिली फुली दक्षिणेवर पडते. "तिकडे खिडकी नको," यावर घरातली मोठी माणसं अडून बसतात. मग वारा तर हवाच, म्हणून मोठी खिडकी पश्चिमेला जाते. माझ्या पुण्यातल्या घरात हेच झालं आणि ती खोली मे महिन्यात रात्री अकरापर्यंत झोपण्यालायक नसते.

हिशेब साधा आहे. मे महिन्यात संध्याकाळी पाचला पुण्यात सूर्य क्षितिजापासून ३० अंशांच्याही खाली असतो. समोरून येणाऱ्या त्या उन्हात २ फुटांचा छज्जा जेमतेम फूटभर सावली देतो; ४ फूट उंच खिडकीचा बाकीचा भाग उघडाच. तीच खिडकी दक्षिणेला असती तर? मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य इथे किंचित उत्तरेलाच असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवर थेट ऊन पडतच नाही. मार्चच्या विषुवदिनी हाच छज्जा दुपारी ६ फूट सावली पाडतो, म्हणजे अख्खी खिडकी झाकली. डिसेंबरात सूर्य ४८ अंशांवर उतरला की खालच्या पावणेदोन फुटांतून ऊन आत येतं. थंडीत, हवं तेव्हा. वास्तुशास्त्र मानायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण दक्षिणेचं ऊन अडवायला सर्वांत सोपं असतं एवढं तरी माहीत असू द्या.

पश्चिमेची खिडकी झालीच असेल तर आतून जाड पडदे लावण्यात पैसे घालू नका. मी घातले. ऊन काचेतून आत आलं की उष्णता खोलीतच राहते. शेवटी बाहेरच्या बाजूने बांबूची चिक टांगली, तेव्हा कुठे फरक कळला.

उलटी चूकही बघितली आहे. लडाख फिरून आलेल्यांना तिथल्यासारखी मजलाभर काच इथे दक्षिणेला हवी असते. लेह ३४ अंश अक्षांशावर; डिसेंबरात दुपारचा सूर्य तिथे ३२ अंशांवरच असतो, आणि बाहेर कडाक्याची थंडी. तिथे त्रोंब भिंत शोभते. फेलिक्स त्रोंब यांनी फ्रान्समधल्या ओदेयो इथे १९६७ साली अशा भिंतीचं घर उभं केलं, त्यावरून हे नाव. जाड काळी भिंत, तिच्यापुढे काच, भिंतीत वर-खाली झरोके. मधली हवा तापून वरच्या झरोक्यातून खोलीत येते. "दिवसा ऊब असते, पण पहाटे खोली गारठते," अशी तक्रार असेल तर आधी झरोके बघा. रात्री उघडे राहिले की चक्र उलटं फिरतं आणि काचेजवळ गार झालेली हवा खालून आत उतरते. वरच्या झरोक्याला खोलीच्या बाजूने पातळ प्लास्टिकची झडप लावली की काम होतं: हवा आत येताना ती उचलली जाते, उलटी वाहू लागली की चिकटते.

आता वारा. खिडकी उघडी असून हवा खेळत नसेल तर उदबत्ती पेटवा आणि खिडकीशी धरा. धूर जागच्या जागी घुटमळला तर हवेला बाहेर पडायला वाट नाही. एकाच भिंतीत दोन खिडक्या असतील, किंवा खोलीचं दार बंद असेल आणि दारावरचा झरोका एसीसाठी काच लावून बुजवला असेल, तर हेच होणार. स्लायडिंगची ४ फुटी खिडकी उघडते २ फूटच, तेही विसरू नका.

दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवणं ही नागपूरकरांची नव्हे, तिकडे बदली होऊन गेलेल्या पुणेकरांची चूक. बाहेर ४४ अंश असताना तुम्ही घरात झळाच बोलावता. तिथे सकाळी ऊन चढायच्या आत सगळं बंद आणि रात्री उघडं.

रात्री पंख्याची हवाच गरम लागते? मग स्लॅब तापलेला आहे. खालून पीओपीचं छत लावून थोडंच भागतं. गच्चीवर पांढरा चुना किंवा चायना मोझॅक (पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांची फरशी) करा, ऊन वरच्यावर परत जाऊ द्या.

आणि कूलर लावूनही अंग चिकट होत असेल, तर समोरची खिडकी चार बोटं उघडून बघा. बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा भरत राहतो.