मोबाईलवर शेत मोजताना गुंठे चुकू नयेत म्हणून

एक एकराचं चौकोनी शेत घ्या. एक बाजू साधारण ६४ मीटर. फोनवर घेतलेला प्रत्येक कोपरा दोनेक मीटर इकडेतिकडे सरकला, तर क्षेत्रात पावणेदोन गुंठ्यांचा फरक सहज पडतो. तेवढीच चूक ३३ बाय ३३ फुटांच्या एका गुंठ्यात झाली, तर पाव गुंठ्याचा हिशेब लागत नाही. म्हणून दहा गुंठ्यांच्या आतली जागा फोनने मोजूच नका, टेप काढा. त्याहून मोठ्या शेताचा अंदाज मात्र फोन चांगला देतो. बी-खत, ठिबकच्या नळ्या, ट्रॅक्टरवाल्याचा हिशेब यासाठी तेवढा पुरतो.

चूक येते कुठून, ते आधी पाहू. फोन वेळेवरून अंतर काढतो. वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडून सिग्नल निघाला कधी आणि पोचला कधी, यातल्या फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणायचं. सेकंदाच्या एक अब्जांश भागाची गफलत झाली की अंतर ३० सेंटिमीटरने चुकतं. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात सिग्नल रेंगाळतो. गोठ्याच्या पत्र्यावर आदळून आला तर लांबच्या वाटेने येतो. फोनला दोन्ही गोष्टी जास्तीचं अंतर म्हणून दिसतात.

आता कामाची गोष्ट. चारही कोपरे एकाच दिशेला तीन मीटर सरकले, तर नकाशावर शेत सरकलेलं दिसेल, पण क्षेत्र तेवढंच राहील. गुंठे चुकतात ते प्रत्येक कोपरा वेगळ्या दिशेला चुकला म्हणून. चूक पूर्ण घालवणं आपल्या हातात नाही, पण सगळ्या कोपऱ्यांना ती सारखी ठेवणं बरंचसं हातात आहे. पुढचं सगळं त्यासाठीच.

आदल्या दिवशी घरी फोन तपासा. जीपीएसटेस्ट नावाचं मोफत अ‍ॅप उघडून अंगणात उभे राहा आणि उपग्रहांच्या यादीत एल-१ सोबत एल-५ किंवा ई-५ए दिसतं का, ते पाहा. दिसलं तर फोन दोन वारंवारितांवर ऐकतो. असा फोन आदळून आलेला सिग्नल बराच ओळखतो. घरात दोन-तीन फोन असतील तर असा निवडा. मोजणीच्या अ‍ॅपला अचूक लोकेशनची परवानगी द्या, बॅटरी सेव्हर बंद करा, धातूचं कव्हर काढा.

सकाळी जा, सात ते नऊच्या दरम्यान. तो विद्युतभारित थर दुपारी दोनच्या सुमारास सर्वांत दाट असतो. मावळतीनंतर त्यात बुडबुडे उठतात आणि सिग्नल लुकलुकतो. आपल्याकडे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी हा त्रास जास्त. दिवसभराची कामं आटोपून संध्याकाळी मोजू, हा विचार म्हणूनच सोडा.

शेतात पोचल्यावर मोकळ्या जागी फोन पाच मिनिटं चालू ठेवा. मग पहिल्या कोपऱ्यावर या. फोन छातीशी धरू नका, कारण आपलं अंग अर्धं आकाश झाकतं. काठीच्या टोकाला आडवा बांधून डोक्यावर धरा, नाहीतर हात पूर्ण वर करा, आणि प्रत्येक कोपऱ्यावर तसाच धरा. कोपऱ्याच्या दगडावर काठी टेकवून दोन मिनिटं थांबा, मगच बिंदू नोंदवा. चालत चालत हद्द काढणारी अ‍ॅप कोपरा गोल करून कापतात. बांध सरळ असेल तर फक्त कोपरे घ्या, वाकडा असेल तर प्रत्येक वळणावर थांबून एक बिंदू घ्या. सॅटेलाइटच्या चित्रावर बोटाने कोपरे लावू नका, ते चित्रही काही मीटर सरकलेलं असू शकतं.

कोपऱ्यावर आंबा असेल, विहिरीची भिंत किंवा पत्र्याची शेड असेल, तर तिथला बिंदू घेऊ नका. बांधाच्याच रेषेत १०-१५ मीटर मोकळ्यात या, तिथे बिंदू घ्या आणि राहिलेलं अंतर टेपने मोजून कागदावर लिहा. हा कंटाळा बहुतेक जण करतात आणि गुंठे तिथेच चुकतात.

सगळे कोपरे एकाच फेरीत, एकाच फोनने, न रेंगाळता घ्या. दोन कोपरे आज, दोन उद्या असं केलं तर चूक सारखी राहत नाही. एकाच दगडावर अर्धा तास थांबूनही फार फायदा नाही, कारण बरीचशी चूक हळूहळू बदलणारी असते. त्यापेक्षा तास-दीड तासाने, उपग्रह आकाशात सरकल्यावर, पूर्ण फेरी पुन्हा मारा आणि दोन क्षेत्रांची सरासरी घ्या. फरक एकरामागे दोन गुंठ्यांहून जास्त आला तर तिसरी फेरी मारा.

शेवटी एक सरळ बाजू टेपने मोजून फोनच्या अंतराशी ताडा. कोकणातल्या उतारावर जपा: टेप उतारावरून टाकला की अंतर जास्त भरतं आणि सरकारी क्षेत्र आडव्या अंतराचं असतं. १५ अंशांच्या उतारावर टाकलेला ३० मीटरचा टेप आडव्या अंतरात जेमतेम २९ मीटरच भरतो. थोडे थोडे टप्पे घेऊन टेप आडवा ताणा.

शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल, तर फोनचा आकडा दाखवून भांडू नका. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीसाठी अर्ज करा. तिथला रोव्हर, म्हणजे मोजणीचं यंत्र, हाही उपग्रहांचंच ऐकतो, पण त्याला पक्क्या ठाऊक जागेवरच्या स्थानकाची जोड असते. ते स्थानक त्या क्षणाची चूक मोजून कळवतं आणि रोव्हर ती वजा करतो, म्हणून सेंटिमीटरपर्यंत पोचतो. मोजणीच्या दिवशी आपला कागद सोबत न्या. खुणा ठरल्या की नकाशावरची कोपरा-ते-कोपरा अंतरं आपल्या आकड्यांशेजारी मांडा. आपला फोन कुठे किती चुकतो, ते पुढच्या खेपेसाठी कळेल.