फाउंड्रीच्या धोरणाचा नकाशा भिंतीवर कसा मांडायचा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतल्या मध्यम फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, वर्षाचं नियोजन बहुधा एक्सेलमध्ये असतं: एवढे टन, एवढी उलाढाल, रिजेक्शन (नाकारलेला माल) एवढ्या टक्क्यांच्या खाली. आकडे सगळे असतात. कशामुळे काय होणार, ते कुठेच दिसत नाही. ते दाखवायला धोरणाचा नकाशा लागतो. रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांनी १९९२ साली बॅलन्स्ड स्कोअरकार्ड (पैशासोबत ग्राहक, प्रक्रिया आणि माणसं यांचीही मोजमापं ठेवण्याची पद्धत) मांडलं, नकाशा त्यातूनच पुढे आला.

भिंतीवर ६ बाय ४ फुटांचा तपकिरी कागद लावा. चार रंगांच्या ३ इंची चिकट चिठ्ठ्या, पेन्सिल आणि खोडरबर घ्या. सुरुवात संगणकावर करू नका. पडद्यावरचं चित्र नीटनेटकं दिसतं आणि मग ते खोडायला कुणी धजत नाही. माणसं सात-आठ पुरेत: मालक, उत्पादन, मेल्टिंग, क्वालिटी, मार्केटिंग, अकाउंट्स आणि मोल्डिंगचा, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या विभागाचा, एखादा जुना सुपरवायझर. हा शेवटचा माणूस हमखास वगळला जातो, आणि वाळूचं खरं दुखणं त्यालाच ठाऊक असतं. मालकांनी शेवटी बोलावं, नाहीतर बाकीचे फक्त माना डोलावतात. तीन-तीन तासांच्या दोन बैठका ठेवा, मध्ये आठवडा जाऊ द्या.

कागदावर चार आडवे पट्टे आखा. वरून खाली: पैसा, ग्राहक, कामाची प्रक्रिया, माणसं आणि यंत्रणा. चिठ्ठ्या वरून खाली लावत या. प्रत्येक चिठ्ठीवर क्रियापद हवं. ‘गुणवत्ता’ ही चिठ्ठी निरुपयोगी आहे. ‘वाळूतला ओलावा मर्यादेत ठेवणे’ ही कामाची. एकूण चिठ्ठ्या १५ ते १८. त्याहून जास्त झाल्या, तर काय सोडायचं हे ठरलेलं नाही असं समजा.

खरं काम बाणांचं आहे. प्रत्येक बाण म्हणजे एक दावा. तो काढण्याआधी मोठ्याने म्हणा: ‘हे झालं तर ते होईल, कारण…’ कारण सांगता आलं नाही, तर बाण काढू नका. उदाहरण घ्या. मोल्डिंगच्या पाळीला वाळूची चाचणी नीट शिकवली, तर ओलावा स्थिर राहील. ओलावा आटोक्यात, तर ब्लोहोल (ओतलेल्या भागात वायूने पडलेली पोकळी) कमी, कारण जास्त ओल्या वाळूत तापलेल्या धातूमुळे वाफ होते आणि ती आत अडकते. ब्लोहोल कमी, तर रिजेक्शन कमी. नाकारलेल्या कास्टिंगचा (ओतलेल्या भागाचा) धातू भट्टीत परत जातो, पण वीज, कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) आणि मजुरी परत येत नाही, म्हणून रिजेक्शन घटलं की टनामागचा खर्च उतरतो. साखळी खालून वर अशी वाचता आली पाहिजे.

ही साखळी पटली, तरी रिजेक्शनचं रजिस्टर उघडा आणि मागच्या तीन महिन्यांचे आकडे दोषांनुसार वेगळे करा. ब्लोहोल धातू थंड असल्याने, कोअर ओला राहिल्याने किंवा व्हेंट (वायू बाहेर जाण्याची छिद्रं) अपुरे असल्यानेही येतात. आणि सर्वांत मोठा दोष श्रिंकेज (धातू थिजताना आकसून पडणारी पोकळी) निघाला, तर वाळूवरचा बाण चुकीच्या जागी आहे. तो मेथडिंगकडे, म्हणजे रायझर (आकसताना कमी पडणारा धातू पुरवणारा साठा) आणि गेटिंगकडे (धातू साच्यात नेणाऱ्या वाटांकडे) वळवा.

नकाशात गोल फिरणारी कारणं मावत नाहीत. त्यासाठी शेजारी दुसरा कागद लावा. डिस्पॅचला उशीर झाला की ओव्हरटाइम वाढतो, त्याने उत्पादन वाढतं, उशीर घटतो. एकाच दिशेने बदलणाऱ्या गोष्टींच्या बाणावर अधिक, उलट बदलणाऱ्यांवर उणे लिहा. या फेऱ्यात उणे एकच, म्हणजे विषम, म्हणून तो उशीर आटोक्यात आणतो. पण ओव्हरटाइमने थकवा वाढतो, थकव्याने रिजेक्शन, रिजेक्शनने पुन्हा उशीर. इथे उणे एकही नाही, हा फेरा वाढतच जातो. थकव्याच्या बाणावर दोन आडव्या रेघा मारा: परिणाम उशिरा दिसतो. म्हणूनच पहिले दोन-तीन आठवडे ओव्हरटाइम लागू पडल्यासारखा वाटतो.

आपल्या हाताबाहेरच्या गोष्टी ढगाच्या आकारात दाखवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. हा ढग ‘वेळेवर पुरवठा’ या चिठ्ठीला जोडला, की जुलै-ऑगस्टपुरता तयार माल पुण्याच्या बाजूला ठेवायचा का, हा प्रश्न आपोआप समोर येतो.

मोजमापं सर्वांत शेवटी. एका चिठ्ठीला एक, फार तर दोन. प्रत्येकाला एक जबाबदार माणूस. दर महिन्याला तासभर कागदासमोर उभं राहून बघा. खालचा आकडा तीन महिने सुधारला आणि वरचा हलला नाही, तर माणसाला जाब विचारण्याआधी बाण तपासा. चुकला असेल तर खोडा, नवा काढा आणि कोपऱ्यात तारीख घाला.