कुतुबमिनार बघायला जाताना

दिल्लीत राहत असल्यामुळे आलेल्या पाहुण्यांना कुतुबमिनार दाखवायचं काम माझ्याकडेच असतं. दाराशी पोचल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: "वर जायचं तिकीट कुठे मिळतं?" वर जाता येत नाही. डिसेंबर १९८१ मध्ये अंधाऱ्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन ४५ जण गेले, त्यात शाळेची मुलं बरीच होती. तेव्हापासून ३७९ पायऱ्यांचा तो जिना बंदच आहे. म्हणूनच खालून नीट कसं बघायचं ते सांगते.

यलो लाइनच्या कुतुबमिनार स्टेशनवर उतरा आणि सरळ रिक्षा करा, चालायला अंतर बरंच आहे. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. सकाळी लवकर जा, उन्हाळ्यात तर नक्कीच. दगडी फरशी लवकर तापते. हाताशी दोन तास ठेवा.

आत गेल्या गेल्या फोटोच्या मागे लागू नका. आधी मिनाराच्या पायथ्याशी या आणि भिंतीतून पुढे आलेल्या उभ्या पट्ट्या बघा. पहिल्या मजल्यावर एक गोल, एक टोकदार, अशा आलटून पालटून आहेत. दुसऱ्यावर सगळ्या गोल, तिसऱ्यावर सगळ्या टोकदार. त्यावरचे संगमरवर लावलेले दोन मजले फिरोजशाह तुघलकाच्या काळातले, १३६८ साली वीज पडल्यानंतरचे. पहिला मजला दिल्लीचा सुलतान कुतुबुद्दीन ऐबकाच्या वेळचा, मधले त्याचा जावई सुलतान इल्तुतमिशने चढवलेले. सज्जांच्या खालचं मधाच्या पोळ्यासारखं कोरीवकाम मात्र मान वर करून, सावकाश बघा.

मला सगळ्यात आवडते ती शेजारच्या मशिदीतली कमानींची उंच भिंत. तिच्या दगडांचे सांधे बघा: आडवेच आहेत. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे सरकवत कारागिरांनी कमानीचा आकार साधलाय. मग अलाई दरवाजापाशी जा. १३११ सालच्या या दरवाजात पाचरीसारखे दगड मध्याकडे वळवून बसवलेत, ही खरी कमान. शंभरएक वर्षांत बांधणारे हात काय शिकले, ते दोन सांध्यांत दिसतं. अंगणातल्या खांबांवर साखळीला लटकलेल्या घंटा कोरलेल्या आहेत. ते खांब मोडलेल्या मंदिरांचे. पूर्वेच्या दारावरच्या लेखात २७ मंदिरांचा उल्लेख आहे.

याच अंगणात जुना लोखंडी खांब, लोहस्तंभ आहे. पूर्वी लोक त्याला पाठ टेकून मिठी मारायचे. आता कठडा आहे, मिठी मारता येत नाही. सुमारे सोळाशे वर्षं तो फारसा गंजलेला नाही, कारण त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर राखणारा थर धरतो.

मिनार अख्खा फोटोत हवा असेल तर हिरवळीवर लांब जा. तिथेच एक एकटी दगडी छत्री, म्हणजे खांबांवरचा छोटा मंडप दिसेल. ब्रिटिश लष्करी इंजिनिअर मेजर स्मिथने १८२८ साली ती मिनाराच्या डोक्यावर बसवली होती. विजोड दिसते म्हणून १८४८ साली खाली उतरवली. उत्तरेला अलाउद्दीन खिलजीचा अर्धवट अलाई मिनार आहे, तो लांबून बघितला तरी चालेल.

वेळ उरला तर शेजारच्या मेहरौली पुरातत्त्व उद्यानात सुलतान बल्बनाची कबर बघा. खरी कमान तिथे अलाई दरवाजाच्याही आधी आलेली आहे.