स्वस्तातली स्क्रोल सॉ: हादरे आटोक्यात आणायची तयारी

16 इंची स्वस्त स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक ब्लेडने लाकडात वळणदार आकार कापायचं मशीन, घरी आली की तक्रार ठरलेली असते. बटण दाबलं की मशीन थरथरायला लागतं, पेन्सिलीची रेघ डोळ्यांसमोर पुसट होते, आणि जरा लक्ष नसलं की अख्खं मशीन सरकत सरकत टेबलाच्या कडेला येतं. मग 'माल खराब निघाला' म्हणून मशीन माळ्यावर जातं. माझं म्हणणं आहे की यातली बरीच मशीनं खराब नसतात, त्यांची बैठक तयार केलेली नसते. ही तयारी पहिल्या कापाच्या आधी करायची आहे आणि तिचा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी हादरा येतो कुठून ते लक्षात घ्या. या मशीनमध्ये वर एक आणि खाली एक असे दोन लांब हात असतात आणि त्यांच्या पुढच्या टोकांमध्ये ब्लेड ताणलेलं असतं. वेग मिनिटाला साधारण 400-500 फेऱ्यांपासून 1600 पर्यंत नेता येतो. 1600 म्हणजे सेकंदाला 26-27 वेळा ते दोन्ही हात खाली जाऊन वर येतात. एवढं वजन सारखं उलटसुलट फिरवायचं म्हणजे धक्का बसणारच, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट केला की धक्का चौपट. महागड्या मशीनमध्ये हलणारे भाग आखूड ठेवलेले असतात आणि तळ चांगला जाड बिडाचा असतो. आपल्या मशीनमध्ये खर्च वाचवलेला असतो तो बहुधा वजनातच. म्हणून थोडा हादरा जन्मजात असतो, त्यावर उपाय वजन. बाकीचा हादरा ढिल्या स्क्रूंचा आणि ढिल्या सांध्यांचा असतो, त्यावर उपाय पाना. ढिलाई आधी काढायची आणि वजन नंतर लावायचं. उलट केलं तर जड टेबलावर ढिलं मशीन बसतं आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

खोका आणि आतलं थर्माकोल निदान परत करण्याची मुदत संपेपर्यंत जपून ठेवा, आणि पुढची तपासणी त्या मुदतीतच उरका.

प्लग काढून ठेवा. वरच्या हाताचं पुढचं टोक चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. लांब हात किंचित लवचिक असतोच, त्याची काळजी नाही. पण 'कट' असा आवाज आला किंवा बोटांना पोकळ धक्का जाणवला, तर मागच्या खिळीच्या (हात जिच्यावर वरखाली होतो तिच्या) बोल्टात किंवा तिच्याभोवतीच्या बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या नळीत, जागा आहे. तो बोल्ट थोडा थोडा आवळत जा, आणि दर वेळी ब्लेड काढून हात वरखाली करून पाहा. हात सहज हलला पाहिजे आणि आडवा मात्र हलता कामा नये. करकचून आवळलात तर सांधा जड होतो, तापतो आणि बुश लवकर झिजतं. खालच्या हाताचीही अशीच परीक्षा घ्या, त्याकडे सहसा कोणी बघत नाही. सांध्यात मशीन ऑइलचे दोन थेंब सोडा. आवळूनही कटकट जात नसेल, तर मशीन बदलून मागायची हीच वेळ. बुशच्या जागी पत्र्याचे तुकडे कोंबून वेळ मारून नेऊ नका.

मोटर धरणारे स्क्रू, मशीनचं टेबल तिरकं करायची मूठ, लाकूड दाबून धरणारा पाय, भुसा उडवायची नळी आणि बाजूची झाकणं एकेक करून बोटांनी हलवून बघा. कारखान्यातून हे स्क्रू सैल येणं नवीन नाही. खडखडाटाचा बराचसा भाग या फुटकळ वस्तूंचाच असतो, आणि तो ऐकून माणूस उगाच मोटरला दोष देतो. मोटरचा दांडा बाहेरून हाताने फिरवायची सोय असेल तर एक पूर्ण फेरा सावकाश फिरवा. कुठे अडलं किंवा घासलं तर चालू करायच्या आधीच कळेल.

आता ब्लेड, इथे जरा रेंगाळायला हवं. 5 इंची ब्लेडं दोन प्रकारची मिळतात: टोकांना आडवी पिन असलेली आणि साधी सपाट टोकाची. स्वस्त मशीनसोबत बहुधा पिनवाली येतात. ती लावायला सोपी, पण सहसा जाड असतात आणि आकाराचा आतला भाग कापताना पिन आत जायला भोकही मोठं पाडावं लागतं. मशीन दोन्ही घेत असेल तर बारीक कामाला साधी ब्लेडं घ्या. नव्या ब्लेडवर तेलाचा हात असतो, त्यामुळे ते पकडीतून किंचित सटकतं आणि तो सटका हादऱ्यासारखाच वाटतो. दोन्ही टोकं कोरड्या कापडाने पुसा, मग बारीक पॉलिश पेपरवर एकदा घासा. पकडीच्या तोंडावरून कागद फिरवला तर सोन्याहून पिवळं. दातांची टोकं खाली हवीत. ब्लेडवरून बोट अगदी हलकेच वर नेलं तर दात अडकल्यासारखे लागले पाहिजेत. दात वर करून लावलेलं ब्लेड दर फेऱ्याला लाकूड उचलून आपटतं, आणि बघणाऱ्याला वाटतं मशीन नाचतंय.

ताण अंदाजाने देऊ नका. ब्लेड तंबोऱ्याच्या तारेसारखं छेडून बघा: स्वच्छ, उंच 'टिंग' आलं पाहिजे. बसका 'थड' आला तर ताण कमी आहे. मधोमध बोटाने बाजूला दाबलं तर साधारण 3 मिलिमीटरच्या वर सरकायला नको. मग छोटा गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) मशीनच्या टेबलावर उभा करून ब्लेडला टेकवा आणि हाताने एक फेरा फिरवा. वर जाताना आणि खाली येताना ब्लेड गुण्यापासून सुटत असेल, तर वरची आणि खालची पकड एका रेषेत नाही. ती सरळ केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एवढं झालं की बैठक. सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, तेव्हा हात आखडता घेऊ नका. मशीन नुसतं टेबलावर ठेवून चालवायचं नाही, ते बोल्टने बांधायचंच. 18 मिलिमीटरच्या प्लायचे दोन तुकडे फेव्हिकॉलने एकावर एक चिकटवून, रात्रभर दाबाखाली ठेवून 36 मिलिमीटरचा पाट करा. मशीनच्या तळापेक्षा तो चारी बाजूंनी थोडा मोठा असला तर उत्तम. मशीन त्यावर ठेवा आणि बोल्ट घालायच्या आधी प्रत्येक पायाखाली लग्नपत्रिकेच्या जाडीचा कागद सरकवून बघा. एखाद्या पायाखाली तो सहज गेला, तर तिथे फट आहे. सनमायकाचा तुकडा कापून ती फट भरा. फट तशीच ठेवून बोल्ट आवळलात तर तळ पिळला जातो, हातांची रेषा बिघडते, आणि बिडाचा तळ असेल तर तो तडकूही शकतो. बोल्ट तळाच्या भोकात बसेल तेवढा जाड घ्या. खालून मोठा वॉशर आणि वर नायलॉनचा लॉकनट हवाच. साधा नट हादऱ्याने सुटतो.

वजनासाठी माझी पसंती कडप्प्याला. 2 फूट लांब-रुंद आणि 20 मिलिमीटर जाडीची कडप्प्याची लादी साधारण 20 किलो भरते, आणि ओट्याचं काम चालू असलेल्या ठिकाणी असे उरलेले तुकडे कमी पैशात मिळून जातात. ती पाटाखाली ठेवा आणि मध्ये पातळ रबर घाला. लोखंडी स्टँड असेल तर खालच्या आडव्या पट्ट्यांवर फळी टाकून वाळूची गोणी ठेवा. धक्का तेवढाच राहतो, पण हलवायला वजन जास्त मिळालं की हालचाल कमी होते.

रबराबद्दल गैरसमज फार आहेत. मशीनच्या थेट खाली जाड, मऊ फोम किंवा योगा मॅट घातली की मशीन उसळायला लागतं आणि रेघ आणखी पुसट होते. मशीन आणि पाटामध्ये घालायचंच तर 3 ते 5 मिलिमीटरचं घट्ट रबर घाला. जाड पॅड, वॉशिंग मशीनच्या पायाखाली लावतात तसे, टेबलाच्या पायांखाली जाऊ द्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे टाळू नये, कारण स्लॅबमधून हादरा खालच्या घरात उतरतो. त्याच कारणाने टेबल भिंतीला टेकवूही नका. जुन्या घरात शहाबादी फरशी असेल तर ती क्वचितच सपाट असते. टेबलाचा डुगडुगणारा पाय पाचरीने बसवून घ्या, नाहीतर वरची सगळी मेहनत वाया जाईल.

आता प्लग लावा, पण लाकूड अजून नको. मशीनच्या टेबलावर जुनं जाड पाच रुपयांचं नाणं कडेवर उभं करा, ब्लेडपासून लांब. सगळ्यात कमी वेगावर चालू करा आणि वेगाचं बटण हळूहळू फिरवत जा. नाणं एका ठरावीक वेगाला पडेल. ते उचलून बाजूला ठेवा आणि वेग आणखी वाढवा. बऱ्याच मशीनमध्ये असं दिसतं की मधल्या एका पट्ट्यात हादरा एकदम उसळतो आणि पुढे पुन्हा निवतो. तो वेग स्टँडच्या स्वतःच्या कंपनाशी जुळलेला असतो. बटणाच्या कडेला त्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना मार्करने खूण करा आणि तो पट्टा टाळा. वाळू वाढवली की पट्टा सरकतो, तेव्हा खूण पुन्हा तपासा. तीन-चार मिलिमीटरच्या प्लायला पूर्ण वेग लागतच नाही.

शेवटी लाकूड. मशीन शांत असूनही लाकूड थडथडत असेल, तर तीन गोष्टी बघा. प्लाय वाकलेला आहे का? वाकलेला तुकडा टेबलावर टाळ्या वाजवतो. त्यासाठी सपाट तुकडा निवडा, किंवा दोन-तीन पातळ तुकडे टेपने एकत्र बांधून एकदम कापा. ब्लेडचे दात फार मोठे आहेत का? लाकडाच्या जाडीत एका वेळी दोन-तीन तरी दात असले पाहिजेत, नाहीतर दात लाकूड ओढून खाली आपटतो. आणि मशीनचं टेबल गुळगुळीत आहे का? फर्निचरचं मेण लावून कोरड्या कापडाने चोळा. गाडीचं सिलिकॉनवालं पॉलिश नको, ते लाकडाला लागलं की पुढे रंग आणि वार्निश नीट धरत नाही.

चाचणीसाठी भोळीभाबडी सरळ रेघ कापण्यापेक्षा देवनागरी अक्षरं कापा. घराच्या पाट्या आणि गणपतीचं मखर ही आपल्याकडची या मशीनची मोठी कामं, आणि 2018 च्या थर्माकोलबंदीनंतर प्लायच्या मखराची मागणी वाढलेली आहेच. शिरोरेषा कापली की हादरा लपत नाही: नीट न बांधलेल्या मशीनवर तिच्या कडेला बारीक लाटा उठतात, आणि रंग दिल्यावर त्या जास्तच दिसतात. 'भ'च्या गाठीत आणि 'ष'च्या पोटात ब्लेड वळवताना ताण कमी असेल तर काप तिरका जातो, वरून अक्षर बरोबर आणि उलट्या बाजूने वाकडं. हा तुकडा उजेडात तिरका धरून दोन्ही बाजूंनी बघा आणि जवळ ठेवा. पुढे बुश झिजलं की नाही हे त्याच्याशी ताडून बघता येईल.

पहिलं अर्ध्या तासाचं काम झालं की थांबा, बोटांना मुंग्या येत असतील तर त्याआधीच थांबा. प्लग काढा आणि पाटाचे बोल्ट पुन्हा आवळा, कारण प्लाय वॉशरखाली दबून बोल्ट थोडा सैल पडलेला असतो. खिळीचा बोल्ट आणि पकडीचे स्क्रूही तेव्हाच बघून घ्या. त्या दिवशी काम संपलं की ब्लेडचा ताण सोडून ठेवा.