पुरुषांच्या उन्हाळी कपड्यांचे रंग चित्रांतून आणि डोंगरांतून कसे घ्यावेत

फेब्रुवारी सरता सरता कापडाच्या दुकानांत उन्हाळी रंगांचे शर्ट मांडले जातात आणि त्यांतला प्रत्येक शर्ट एकटा पाहिला तर देखणाच वाटतो. अडचण पुढे येते. घरी आणलेला पोपटी शर्ट कोणत्याच पँटवर शोभत नाही, लिंबू रंगाचा शर्ट दुपारच्या उन्हात डोळ्यांना खुपतो आणि मे महिना संपेपर्यंत दोघेही कपाटात तसेच राहतात. कारण असे की रंग सुटा निवडलेला असतो. रंगाला शोभा येते ती शेजारच्या रंगामुळे आणि दोघांच्या प्रमाणामुळे, आणि हे प्रमाण शिकण्यासाठी दुकानापेक्षा चांगल्या जागा आपल्याकडे आहेत. एखादे निसर्गचित्र, एखादा डोंगर आणि हातातला कॅमेरा एवढ्या साहित्यावर संपूर्ण उन्हाळ्याचे कपडे ठरवता येतात.

सुरुवात जलरंगातील चित्रांपासून करावी. पारदर्शक जलरंगाच्या परंपरेत पांढरा रंग सहसा लावत नाहीत. जिथे ऊन दाखवायचे असते तिथे कागद कोरा राखतात. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर यांच्यासारख्या मुंबईच्या चित्रकारांनी या माध्यमावर जे प्रभुत्व मिळवले, त्यात काय रंगवायचे याइतकेच काय रंगवायचे नाही याचेही भान होते. उन्हाळी पोशाखाचा पाया मला इथेच दिसतो. अंगावरील कपड्यांचा मोठा भाग न रंगवलेला किंवा अगदी फिका असावा, मध्यम गडद रंग थोडा असावा आणि ठसठशीत रंग नावापुरता असावा. पोशाखाचे दहा भाग मानले तर सात, अडीच आणि अर्धा, असे प्रमाण मी सुचवीन.

अशी चित्रे प्रत्यक्ष पाहणे फार मोलाचे आहे, कारण छापील प्रतीत फिके रंग हमखास बदलतात. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि पंचगंगेच्या परिसराची अनेक निसर्गचित्रे काढली. त्याच शहरात राजारामपुरीमध्ये अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचे कलासंग्रहालय आहे आणि तेथील पावडर शेडिंगमधील, म्हणजे कोरडी रंगपूड कागदावर चोळून केलेल्या, निसर्गचित्रांत माती, झाडे व आकाश यांचे मवाळ रंग एकमेकांत कसे मिसळतात हे निवांतपणे अभ्यासता येते. सातारा जिल्ह्यातील औंधचे श्री भवानी संग्रहालय हेही याच कारणासाठी पाहण्याजोगे आहे. चित्रासमोर उभे राहिल्यावर डोळे किंचित मिटावेत, म्हणजे बारीकसारीक तपशील पुसट होतात आणि फक्त रंगांचे पट्टे उरतात. त्यांतले मोठे पट्टे कोणते, लहान कोणते, सर्वांत उजळ ठिपका कुठे आहे, हे वहीत शब्दांत लिहावे. "करडा-निळा, वाळलेल्या गवताचा, शेणाने सारवलेल्या जमिनीचा" अशी नोंद दुकानात जितकी उपयोगी पडते तितके रंगांचे इंग्रजी नाव पडत नाही.

पट्ट्यापट्ट्यांचे कापड आवडणाऱ्यांनी अजिंठ्याला अवश्य जावे. पहिल्या आणि सतराव्या लेण्यातील भित्तिचित्रांत पुरुषांच्या कमरेच्या वस्त्रांवर रेघांचे आणि नक्षीचे जे प्रकार दिसतात, ते सुमारे पंधराशे वर्षांनंतरही आजचे वाटतात. ही चित्रे बहुतांशी मातीच्या आणि खनिजांच्या रंगांत आहेत: लाल गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. निळा मात्र अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा असून तो फार जपून वापरलेला आहे. गेरू, पिवळी माती आणि मळकट हिरवा एकत्र आले की एकमेकांशी भांडत नाहीत, आणि सावळ्या त्वचेवर ते किती खुलतात हेही त्याच भिंतींवर दिसते. लेणी सोमवारी बंद असतात आणि आत फ्लॅश वापरता येत नाही. उन्हाळ्यात जायचे तर सकाळी दार उघडतानाच पोहोचावे.

यानंतर घराबाहेरचा उन्हाळा पाहावा. पश्चिम घाटमाथ्यावर मार्च-एप्रिलमध्ये गवत वाळून फिके सोनेरी झालेले असते, बेसॉल्टचे कडे काळपट-जांभळे दिसतात आणि हवेतील धुरळ्यामुळे दूरच्या डोंगररांगा एकामागून एक फिक्या निळ्या होत जातात. या मोठ्या, शांत पसाऱ्यात पळस आणि पांगारा फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल-केशरी पेटतात, कोशिंबाला तांब्याच्या रंगाची पालवी येते, पुढे बहावा पिवळा लोंबू लागतो आणि ताम्हण जांभळा होतो. महाबळेश्वरच्या बाजूला अंजनीच्या फांद्यांवर निळी-जांभळी फुले दाटून येतात. पळस इतका तेजस्वी वाटतो तो सभोवतालचे रान निष्पर्ण आणि मातकट असते म्हणूनच. संपूर्ण डोंगर केशरी असता तर त्याच्याकडे कोणी थांबून पाहिले नसते. कोकणातला संच अर्थातच वेगळा होतो: जांभ्या दगडाचा तांबडा, काजूच्या पानांचा गडद हिरवा आणि भर दुपारी समुद्राला येणारा करडा-हिरवा. विदर्भात राहणाऱ्याने तिथल्या पानगळीच्या रानाचे रंग घ्यावेत. जिथे आपण राहतो तिथलेच रंग घेतले की ते तिथल्या उजेडात बेसूर होत नाहीत.

पाहिलेले रंग टिकवून ठेवण्यासाठी फोनचा कॅमेरा पुरेसा आहे, मात्र तो शिस्तीने वापरावा लागतो. एकाच जागेचे छायाचित्र सकाळी सातच्या सुमारास, दुपारी बाराला आणि सायंकाळी पाचनंतर घ्यावे. फोन स्वतःहून रंगांचे संतुलन बदलतो, त्यामुळे शक्य असल्यास व्हाइट बॅलन्स 'उन्हाचा' ठेवून स्थिर करावा आणि चौकटीच्या कोपऱ्यात एक साधा पांढरा कागद धरावा; नंतर तो कागद पिवळा किंवा निळा दिसला तर चित्रातले बाकीचे रंगही त्याच बाजूला झुकले आहेत असे समजावे. दुपारचे छायाचित्र सर्वांत महत्त्वाचे मानावे. डोक्यावरच्या उन्हात फिके रंग पांढुरके होतात आणि भडक रंग अधिक कर्कश होतात, आणि आपले कपडे बहुतेक वेळा याच उजेडात दिसणार असतात. रंगीत छायाचित्रणाची नजर तयार करायची असेल तर रघुबीर सिंग यांचे काम पाहावे. कलाक्षेत्रात कृष्णधवल छायाचित्रणालाच मान होता, त्या काळात त्यांनी भारत रंगीत फिल्मवर टिपला, आणि गर्दीतला एखादा लाल फेटा किंवा पिवळी भिंत संपूर्ण चौकट कशी सांभाळते हे त्यांच्या छायाचित्रांत स्पष्ट कळते.

आता या नोंदींतून कपडे ठरवावेत. घाटमाथ्याचा संच घेतला तर कोऱ्या खादीचा एक शर्ट, वाळलेल्या गवताच्या रंगाची सुती पँट, दूरच्या डोंगराच्या करड्या-निळ्या रंगाचा लिननचा शर्ट आणि दगडी करड्या रंगाची दुसरी पँट, एवढ्या चार कपड्यांचे चारही जोड जमतात. पाचवा कपडा गेरूच्या किंवा पिवळ्या मातीच्या बारीक रेघांचा असावा. पळसाचा केशरी आणि बहाव्याचा पिवळा हातरुमाल, उपरणे किंवा टोपीची पट्टी यांवरच शोभतो.

कापड घेताना रंगाइतकेच लक्ष विणीकडे द्यावे. कापड उजेडासमोर धरले असता धाग्यांमधून उजेड झिरपत असेल तर वाराही झिरपेल. मलमल सदऱ्यासाठी आणि कुडत्यासाठी उत्तम, पण पँटसाठी तिचा उपयोग नाही. पँटला जाडसर पण सैल विणीची खादी किंवा लिनन चालते. लिननचा धागा जवसाच्या जातीच्या रोपापासून मिळतो, तो ओलावा लवकर शोषतो व लवकर सोडतो, आणि त्याला सुरकुत्या पडणारच हे मान्य करून तो घ्यावा. झगझगीत पांढऱ्यापेक्षा कोरा, किंचित पिवळसर पांढरा नेहमी बरा, कारण शुभ्रतेसाठी वापरलेली रसायने उन्हात निळसर चमकतात. दुकानातील दिव्यांखाली जुळलेले दोन रंग बाहेर येताच वेगळे दिसू शकतात, म्हणून तागा दारापर्यंत नेऊन, मनगटावर ठेवून पाहण्याची विनंती निःसंकोच करावी. मीटर ठरवण्यापूर्वी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारावी. 36 इंच पन्ह्याच्या हातमागाच्या कापडाला 58 इंची पन्ह्यापेक्षा बरीच जास्त लांबी लागते. शिंप्याकडे देण्याआधी सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवावे, म्हणजे ते जेवढे आटायचे तेवढे आधीच आटते.

शिवण्याच्या बाबतीत शिंप्याला तीन गोष्टी ठामपणे सांगाव्यात. छातीच्या मापापेक्षा घेर निदान चार ते पाच इंच अधिक ठेवावा. कुडता किंवा नेहरू शर्ट असेल तर बगलेत चौबगळा, म्हणजे कापडाचा चौकोनी जोड, घालावा, जेणेकरून हात वर करताना कापड ओढले जात नाही आणि घामाने लवकर फाटतही नाही. पँट कमरेवर बसणारी, मांडीला सैल आणि खाली थोडीशीच निमुळती असावी. घट्ट कपडा उत्तम कापडाचा असला तरी त्यात हवा खेळत नाही, आणि उन्हाळ्यात सारा गारवा या खेळत्या हवेचा असतो.

लग्नसराई नेमकी याच दिवसांत येते. अस्तर लावलेला चकचकीत जोधपुरी मे महिन्यातल्या मांडवात घालणे हा शरीरावर अन्याय आहे. त्याऐवजी विदर्भातील भंडारा-आरमोरी भागात विणल्या जाणाऱ्या कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, बिनअस्तराची बंडी शिवावी. कोशाचा मूळचा मधासारखा रंग वाळलेल्या गवताशी आणि कोऱ्या सुताशी सहज जुळतो, त्याला वेगळ्या रंगाची गरज पडत नाही, आणि हातकताईच्या धाग्याचा खरखरीतपणा दिव्यांच्या उजेडात सुंदर दिसतो.

गेरूच्या आणि निळीच्या रंगातले कपडे पहिल्या दोन-तीन वेळा वेगळे, थंड पाण्यात धुवावेत, उलटे करून सावलीत वाळत घालावेत आणि घामाचे कपडे दुसऱ्या दिवसापर्यंत तसेच ठेवू नयेत, कारण घामाने बगलेतला रंग आधी उडतो. लग्नसराईत शिंप्यांकडे गर्दी असते, तेव्हा भिजवलेले कापड ती गर्दी वाढण्याआधीच त्यांच्या हाती पडलेले बरे.