प्रकाशीय नॅनोपोअरने बायोमार्कर मोजताना

नॅनोपोअर म्हणजे पातळ पटलातील काही नॅनोमीटरचे छिद्र. त्यातून जाणारा रेणू विद्युत्प्रवाह क्षणभर अडवतो आणि त्याला जोडलेला टॅग, म्हणजे चमकणारे रंगद्रव्य, त्याच वेळी प्रकाश देतो; त्यावरून बायोमार्कर, म्हणजे आजाराची खूण ठरणारा रेणू, मोजता येतो. नमुना घालण्याची घाई करू नये, कारण या मापनातील बहुतेक चुका त्याआधीच घडलेल्या असतात.

सिलिकॉन नायट्राइडच्या पटलातील छिद्र ऑक्सिजन प्लाझ्माने स्वच्छ करावे आणि लगेच, हवा काढून टाकलेला १ मोलर पोटॅशियम क्लोराइडचा बफर (आम्लता स्थिर राखणारे द्रावण) पटलाच्या दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत भरावा. पटलाची जाडी २० आणि छिद्राचा व्यास १० नॅनोमीटर असेल, तर चांदी-सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडमध्ये १०० मिलिव्होल्ट लावल्यावर सुमारे ३ नॅनोअँपिअर प्रवाह मिळायला हवा. तो बराच कमी असल्यास आत बुडबुडा अडकलेला असतो. पाणी आणि इथेनॉलच्या समभाग मिश्रणाने कप्पे धुऊन पुन्हा बफर भरावा.

आता छिद्र सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचे. एका बाजूस कॅल्शियम क्लोराइड आणि दुसऱ्या बाजूस फ्लुओ-४ हे कॅल्शियमशी जुळल्यावर चमकणारे रंगद्रव्य ठेवले, की दोघांची गाठ छिद्राच्या तोंडाशीच पडते आणि ४८८ नॅनोमीटरच्या लेझरखाली तिथे एकच हिरवा ठिपका उजळतो. व्होल्टेज उलटे केल्यावर तो विझला नाही, तर तो छिद्राचा नसून पटलावरच्या कचऱ्याचा आहे असे समजावे.

लेझरमुळे विद्युत्प्रवाहातील गोंगाट वाढतो, शिवाय पटल स्वतःही थोडे चमकते. म्हणून प्रत्यक्ष मापनासाठी शक्यतो लाल रंगात चमकणारा टॅग आणि ६४० नॅनोमीटरचा लेझर निवडावा, आणि त्याची शक्ती जेमतेम पुरेल इतकीच ठेवावी.

डीएनएला अॅप्टॅमर (ठरावीक प्रथिनाला चिकटणारा न्यूक्लिइक आम्लाचा छोटा तुकडा) जोडून त्यावर प्रथिन पकडायचे असेल, तर धन इलेक्ट्रोड नमुन्याच्या पलीकडच्या कप्प्यात हवा, कारण डीएनए ऋणभारित असते. नमुना रक्ताचे सीरम असेल, तर ते विरल करूनच वापरावे. छिद्र तुंबल्यास व्होल्टेज क्षणभर उलटे करावे.

प्रवाह आणि प्रकाश हे दोन्ही संकेत एकाच घड्याळावर नोंदवणे ही माझ्या मते या पद्धतीतील सर्वांत महत्त्वाची अट आहे. सुटा टॅग प्रकाश देतो, पण प्रवाह फारसा अडवत नाही. टॅग नसलेला रेणू प्रवाह अडवतो, पण चमकत नाही. दोन्ही एकाच क्षणी दिसले तरच नोंद मोजावी. अशा १०० नोंदींवर सांख्यिकीय अनिश्चितता सुमारे १० टक्के असते, ४०० नोंदींवर ती ५ टक्क्यांवर येते. तुलनेसाठी बायोमार्कर नसलेल्या नमुन्याचे मापन त्याच छिद्रावर, त्याच दिवशी करावे, कारण छिद्राचा व्यास वापरासोबत वाढत जातो.