घडीचे चाकू : पारख, खरेदी आणि मुंबईच्या दमट हवेतील निगा

पेन्सिलीला टोक काढण्यासाठी, फळ चिरण्यासाठी, सुतळी तोडण्यासाठी किंवा कलम बांधण्यासाठी वापरला जाणारा घडीचा चाकू ही संग्रहाच्या दृष्टीने फार सोयीची वस्तू आहे. तिला जागा थोडी लागते, तिची सारी यंत्रणा उघड्या डोळ्यांना दिसते आणि चांगला नमुना मिळवण्यासाठी फार पैसे मोजावे लागत नाहीत. या लेखात पारंपरिक चाकू म्हणजे नखाने किंवा अंगठ्याने उघडायचा, एका ते तीन पात्यांचा आणि लाकूड, हाड, शिंग, पितळ किंवा घडी घातलेल्या पत्र्याच्या मुठीचा चाकू, असा अर्थ धरला आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने एका चाकूमागे दोन हजार रुपयांची मर्यादा ठरवून घ्यावी, कारण या मर्यादेत उत्तम काम करणारे नमुने मिळतात आणि निवड चुकली तरी नुकसान सोसण्यासारखे राहते. पारखीचा क्रम मात्र पक्का असावा : आधी सांधा पाहावा, मग पाते, मग मूठ, आणि कारखान्याचे नाव व वय सर्वांत शेवटी. विक्रेता नेमका उलट क्रमाने बोलत असतो, हे लक्षात ठेवावे.

सांधा

स्प्रिंगच्या चाकूत पाते एका आडव्या खिळ्यावर फिरते आणि मुठीच्या पाठीतून गेलेली पोलादी पट्टी पात्याच्या बुडावर सतत दाब देत असते. बुडाचे कोन आणि पट्टीचा दाब यांचा मेळ चांगला जमला असेल, तर पाते सुरुवातीला थोडा विरोध करते, मधल्या टप्प्यात मोकळे फिरते आणि शेवटी आपणहून ओढले जाऊन टक् असा स्वच्छ आवाज करत बसते. हा आवाज उघडताना आणि मिटताना, दोन्ही वेळा यायला हवा. पाते ढिलेपणाने लोंबत असेल तर पट्टी थकलेली आहे असे समजावे, आणि ते उघडताना नख मोडायची वेळ येत असेल तर आत गंज धरला असण्याची शक्यता अधिक असते. गंजाचा दोष तेलाने जातो. थकलेल्या पट्टीला घरगुती इलाज नाही.

त्यानंतर पाते पूर्ण उघडून, पाठीकडून फडक्यात धरून हलवून पाहावे. ते डावीउजवीकडे किंचित हलत असेल तर खिळा सैल झालेला असतो. खिळ्याचे एक टोक लोखंडी आधारावर ठेवून दुसऱ्या टोकावर लहान हातोडीने हलके ठोके दिले की असा सैलपणा बहुतेक वेळा कमी होतो. पाते वरखाली हलत असेल तर मात्र बुडाची किंवा पट्टीच्या टोकाची झीज झालेली असते, आणि ती दुरुस्त करण्याचा खर्च चाकूच्या किमतीच्या पलीकडे जातो. असा चाकू, नाव कितीही मोठे असले तरी, परत ठेवून द्यावा.

मग चाकू मिटून उजेडासमोर धरावा. पाठीची पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंची अस्तरे, म्हणजे मुठीच्या आतले धातूचे पातळ पत्रे, यांच्यामधून उजेड दिसत असेल, तर जोडणी घाईने झालेली आहे किंवा आतला गंज फुगून थर सुटू लागले आहेत. पाठीवरून बोट फिरवले असता पट्टी वर आलेली किंवा खाली गेलेली जाणवू नये. मिटलेल्या पात्याचे टोक मुठीच्या आत पूर्ण बुडालेले असावे; रुमालाचा काठ त्यावरून ओढून पाहिला की शंका फिटते. धारेच्या मध्यावर एक बारीकसा चेपलेला ठिपका आढळला, तर मिटताना धार आतल्या पट्टीवर आपटते असा त्याचा अर्थ होतो, आणि कितीही वेळा धार लावली तरी तो दोष परत येतो. काही विक्रेते सांध्यात घट्ट ग्रीस भरून ठेवतात व त्यामुळे सैल चाकूही घट्ट वाटतो. म्हणून खरेदीला जाताना जुने सुती फडके सोबत न्यावे आणि सांधा पुसूनच निर्णय घ्यावा.

पाते

जुन्या पात्यात पहिली गोष्ट पाहायची ती उरलेली रुंदी. वर्षानुवर्षे धार लावून पाते अरुंद झालेले असते, आणि टोक मुठीत नको तितके खोल जाऊ लागते किंवा पात्याचा आकार मधोमध खचलेला दिसतो. वापरासाठी असा चाकू चालतो, संग्रहासाठी त्याची किंमत निम्म्याहून कमी धरावी. साध्या कार्बन पोलादावर आलेला एकसारखा करडा वा काळसर रंग हा दोष मानू नये; कैरी किंवा लिंबू चिरले तरी तो येतो आणि पुढच्या तांबड्या गंजाला थोडाफार अटकाव करतो. तांबडी भुकटी पुसून जाते. गंजाने पडलेले खड्डे मात्र धारेजवळ असतील तर ते धारेत उतरतात व तिथे करवतीसारखे तुकडे उडतात. तेच खड्डे पाठीजवळ असतील तर दुर्लक्ष करण्यास हरकत नाही.

धारेजवळ निळसर किंवा जांभळट पट्टा दिसत असेल, तर पाते कोरड्या यंत्रचाकावर तापवले गेले आहे आणि तिथले पोलाद मऊ पडले आहे. सायकलीवर चाक फिरवत गल्लोगल्ली जाणाऱ्या धारवाल्यांच्या कौशल्याबद्दल आदर बाळगूनही, संग्रहातील पातळ पाते त्यांच्या हाती देऊ नये. ते चाक विळीसाठी आणि खाटकाच्या सुऱ्यांसाठी ठीक असते.

मूठ आणि कायदा

मुठीच्या बाबतीत सौंदर्यापेक्षा कायद्याचा विचार आधी करावा लागतो. जुन्या इंग्रजी चाकूंच्या मुठी कधी हस्तिदंताच्या, तर कधी सांबराच्या शिंगाच्या असतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हस्तिदंत आणि सांबर-चितळाच्या शिंगांचा व्यापार निषिद्ध आहे. वस्तू शंभर वर्षे जुनी आहे हा बचाव उपयोगी पडत नाही, म्हणून असे नमुने विकत घेऊच नयेत. गुरांच्या हाडाच्या मुठीला ही अडचण नाही. भिंगातून पाहिल्यास हाडावर बारीक काळपट ठिपके व रेघोट्या दिसतात, तर हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी दिसते. झगझगीत, संगमरवरी रंगछटांची जुनी मूठ अंगठ्याने जोरात घासल्यावर कापराचा वास आला, तर ती सेल्युलॉइडची आहे. सेल्युलॉइड कालांतराने विघटित होऊन आम्लयुक्त वाफ सोडते आणि शेजारच्या चाकूंनाही गंजवते. शिवाय ते सहज पेट घेते. असा चाकू हवा असेल तर तो वेगळ्या, हवेशीर जागी ठेवावा.

चाकूबाबतचा कायदाही नीट समजून घ्यावा. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू, घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेले नसल्यास, शस्त्र म्हणून गणले जातात. येथे विचारात घेतलेले चाकू यापेक्षा पुष्कळ लहान असतात. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सार्वजनिक जागी चाकू बाळगण्यास मनाई करणारे आदेश मुंबईत वेळोवेळी निघतात, आणि विमानतळावर तर तो हातातल्या सामानाच्या तपासणीत अडकणारच. खरेदी केलेला चाकू कागदात गुंडाळून, पावतीसह, पिशवीच्या तळाशी ठेवून सरळ घरी न्यावा आणि रोज खिशात घेऊन फिरण्याची हौस सोडून द्यावी. रामपुरी पद्धतीचे खटक्याचे चाकू कारागिरी म्हणून अभ्यासण्यासारखे असले, तरी पोलिसांशी होणारा वाद त्या अभ्यासाला साजेसा नसतो. नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

कोणत्या नमुन्यांपासून सुरुवात करावी

फ्रान्सच्या साव्हा प्रांतातील ओपिनेल हा चाकू माझ्या मते पहिल्या खरेदीसाठी सर्वांत योग्य आहे. झोझेफ ओपिनेल याने १८९० मध्ये तो बनवला आणि त्याचा आराखडा इतका साधा आहे की तो पाहूनच समजतो : बीच लाकडाची मूठ, एक पाते, एक खिळा आणि १९५५ मध्ये जोडले गेलेले, पाते अडवून धरणारे फिरते कडे. त्याला स्प्रिंग नाही, केवळ घर्षणावर पाते बसते. आकार क्रमांकांनी ओळखले जातात. ८ क्रमांकाचे पाते सुमारे साडेआठ सेंटिमीटर असते व हाताला बेतशीर वाटते. कार्बन आणि स्टेनलेस असे दोन्ही प्रकार मिळतात. समुद्राजवळ राहणाऱ्याने पहिला स्टेनलेस घ्यावा, दुसरा कार्बनचा.

स्प्रिंगची जात कशी असावी हे शिकण्यासाठी एक साधा स्विस चाकू जवळ असणे आवश्यक आहे. कार्ल एल्सेनर याने १८८४ मध्ये इबाख येथे कार्यशाळा काढली, १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली. आजचा व्हिक्टोरिनॉक्स त्याच परंपरेतला आहे. त्याच्या पात्याचा टक् आवाज कानात बसला की बाजारातील इतर चाकू तपासायला तोच मापदंड पुरतो. पदपथावर मिळणाऱ्या लाल मुठीच्या नकला याच एका कसोटीवर उघड्या पडतात : त्यांची हत्यारे एकमेकांना घासतात, पाठीच्या पट्ट्या एका पातळीत नसतात आणि पात्याच्या बुडावरचा ठसा उथळ असतो. दहा हत्यारांच्या नकलेपेक्षा एका पात्याचा प्रामाणिक चाकू केव्हाही बरा.

त्यापुढे फ्रान्समधील तिएर येथे १९२९ पासून बनणारा, घडीच्या पत्र्याच्या मुठीचा डूक-डूक आणि जपानमधील मिकी गावचा हिगोनोकामी हे दोन नमुने घ्यावेत. हिगोनोकामीला स्प्रिंगही नसते आणि कडेही नसते. पात्याच्या बुडाची लांबवलेली शेपटी अंगठ्याखाली दाबून धरायची असते.

आपल्याकडचा कलम बांधण्याचा चाकूही संग्रहात असलाच पाहिजे, आणि बहुतेक संग्राहक नेमका तोच विसरतात. कोकणात हापूसची कोय कलमे बांधणाऱ्यांच्या हाती असणारा हा चाकू बागायती साहित्याच्या दुकानात थोडक्या पैशात मिळतो. त्यातील अनेकांना एकाच बाजूने धार असते, कारण काडी आणि खुंट यांचे काप सपाट असले तरच ते एकमेकांना चिकटून बसतात. असा चाकू निवडताना सपाट बाजूवर मोजपट्टी ठेवून मध्ये फट दिसत नाही ना, हे पाहावे.

मुंबईतला शोध

जुन्या चाकूंसाठी चोरबाजारातील मटण स्ट्रीटला पर्याय नाही. शुक्रवारी तिथली नेहमीची दुकाने बंद असतात आणि सकाळी रस्त्यावर जुन्या सामानाचा बाजार भरतो. चाकू बहुधा कुलपे, कात्र्या आणि अडकित्ते यांच्या ढिगात पडलेले असतात. नव्या चाकूंसाठी व सुऱ्यांसाठी अब्दुल रेहमान स्ट्रीट आणि धारेच्या दगडांसाठी नागदेवी परिसर पाहावा.

या बाजारात इंग्लंडमधील शेफिल्ड शहराचे नाव असलेले चाकू पुढे केले जातात. जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कारखान्याचा माल ब्रिटिश अमलात पुष्कळ येत असे, त्यामुळे त्याच्या नकलाही पुष्कळ झाल्या. खऱ्या ठशात सहा टोकांचा तारा आणि माल्टाचा क्रॉस असतो आणि नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'जी'च्या आधी 'डी' असते. नकलाकार बहुधा हे 'डी' गाळत. मुकुटाशेजारी राजघराण्याची आद्याक्षरे असल्यास काळाचा अंदाज बांधता येतो : व्हिक्टोरियाची १९०१ पर्यंत, एडवर्डची १९१० पर्यंत, जॉर्जची त्यानंतर. पात्यावर 'स्टेनलेस' असे कोरलेले असेल तर ते १९१३ पूर्वीचे असू शकत नाही, कारण हॅरी ब्रिअर्लीने शेफिल्डमध्ये ते पोलाद त्याच वर्षी तयार केले. व्हिक्टोरियाकालीन म्हणून सांगितलेल्या चाकूवर हा शब्द दिसला की भाव निम्म्यावर आणण्यास सबळ कारण मिळते. ठसा अतिचकाकीने पुसट झालेला असेल तर मूळ पॉलिश गेलेले आहे, हेही भावात धरावे.

पावसाळा आणि धार

जून ते सप्टेंबर या काळात मुंबईतील संग्रहाची खरी परीक्षा होते. कार्बन पोलादाचा चाकू हाताळल्यावर बोटांचा घाम पुसून, शिलाई यंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवून ठेवावा. फळे चिरण्याच्या चाकूला औषधाच्या दुकानातील लिक्विड पॅराफिन लावावे. खाद्यतेले वापरू नयेत, कारण ती काही महिन्यांत चिकट व खवट होतात. चामड्याच्या म्यानात चाकू कधीही कायमचा ठेवू नये. चामडे ओलावा धरते आणि कमावण्यातील आम्ले पात्यावर डाग पाडतात. झाकण घट्ट बसणारा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या ही व्यवस्था पुरेशी होते, मात्र पुड्या अधूनमधून बदलाव्या लागतात.

लाकडी मुठी या दिवसांत फुगतात आणि ओपिनेलचे पाते बाहेर येईनासे होते. अशा वेळी नखाशी झटापट न करता, कडे मोकळे करून मुठीचे मागचे टोक टेबलाच्या कडेवर आपटावे. पाते थोडे बाहेर येते व चिमटीत धरता येते. साव्हाचे लोकही हेच करतात. मूठ उन्हात वाळवू नये, तिला चीर जाते. पंख्याखाली ठेवलेली पुरते, आणि तरीही अडत असेल तर आतल्या खाचेला बारीक पॉलिश पेपर एकदोनदा फिरवावा.

धारेसाठी एका बाजूने जाड व दुसऱ्या बाजूने बारीक असा कार्बोरंडमचा दगड पुरतो. पाते दगडावर आधी काटकोनात उभे धरावे, तो कोन निम्मा करावा आणि पुन्हा निम्मा करावा. जवळपास वीस-बावीस अंशांचा जो कोन येतो तो घडीच्या चाकूला मानवतो. कलमाच्या चाकूची उतरती बाजूच घासावी आणि सपाट बाजू केवळ शेवटी उठलेली किनार मोडण्यासाठी दगडावर आडवी टेकवावी. घासून झाल्यावर सांध्यात गेलेली दगडाची भुकटी साबणाच्या पाण्याने धुऊन, पाते उघडे ठेवूनच चाकू रात्रभर वाळू द्यावा, कारण मिटलेल्या चाकूत अडकलेले पाणी खिळ्याला आतून खाते आणि त्याची खबर सांधा कुरकुरू लागल्यावरच लागते.